चाखणारीचं नाव

ऑपरेशन करून मी घरी यायच्या आधीच बातमी गावात पोचली होती, आणि ती पोचवणारा माझाच नवरा होता. जिनथूच्या तोंडात तीळ भिजत नाही. देवळासमोर चहा पीत बसलेल्या म्हाताऱ्यांना त्यानं सांगितलं, "आमच्या बीश्याचं पोट कापून केळ्याएवढं केलंय." बीश्या म्हणजे मी. झालं! मला बघायला जो येई तो तब्येतीचं विचारायच्या आधी विचारी, आता पंगती कोण करणार?

प्रश्न बरोबरच होता म्हणा. आमच्या गावात लग्न असो, बाळाला महिना पूर्ण झालेला असो की देवाचा वाढदिवस असो, रस्त्यातच मांडव पडतो, लाल स्टुलं लागतात आणि मागच्या चुलींपाशी मी उभी असते. आधी माझे वडील असायचे, त्यांच्यानंतर मी. तीस वर्षं झाली. तीस-तीस टेबलं, टेबलाला दहा माणसं, बारा पदार्थ, आणि माझ्या जिभेवरून गेल्याशिवाय एक पातेलं कधी बाहेर गेलेलं नाही. 'कसं झालंय?' असं मी आयुष्यात कोणाला विचारलं नाही. विचारायचं कशाला? मला कळायचं.

माझं वजन एकशे अठरा किलोवर गेलं तेही याच धंद्यापायी. चाखून नव्हे, उरलेल्यामुळे. पंगत उठली की सगळ्या टेबलांवरचं उरलेलं एका मोठ्या पातेल्यात ओतायचं, उकळायचं आणि पिशव्या भरभरून शेजाऱ्यांना वाटायचं, ही आमच्याकडची रीत. लहानपणी वडील ती पिशवी घेऊन आले की त्या दिवशी आमच्या घरी मांस. आम्ही भावंडं पिशवीच्या कोपऱ्यातल्या रश्श्यासाठी मारामाऱ्या करायचो. पुढे बरे दिवस आले, पण जित्याची खोड! पातेल्याच्या तळाशी राहिलेलं ओतून द्यायला माझा हात धजायचा नाही. मग सगळे घरी गेले की मी पातेल्यापाशी बसायची आणि संपवायची. गावातल्या प्रत्येक लग्नाचं उरलेलं माझ्या अंगावर चढलं. गुडघे गेले, साखर वाढली, झोपेत श्वास अडकायला लागला. तेव्हा काओश्युंग शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं, आता कापल्याशिवाय इलाज नाही.

दवाखान्यात जेवणाखाण्याचं सांगायला एक मुलगी होती, मिस लिआओ. माझ्या मुलापेक्षाही लहान असेल. तिनं माझ्या हातात एक पांढरा चिनीमातीचा पेला ठेवला. आमच्याकडे सोया सॉस वाढतात तेवढा.

"मावशी, हे आता तुमचं ताट," ती म्हणाली. "घास तीस वेळा चावायचा. जेवताना पाणी नाही, अर्धा तास आधी नाही, अर्धा तास नंतर नाही. उचकी आली किंवा नाक गळायला लागलं की हातातला चमचा खाली. पेल्यात उरलं तरी खाली."

"उरलेलं कोण खाणार?"

"कोणी नाही."

"वा गं वा," मी म्हटलं. "तुझं लग्न व्हायचंय ना? बोलव मला पंगतीला, मग सांगते उरलेलं कोण खातं ते."

ती हसली, पण लिहीत राहिली. "आणि स्वयंपाक करताना चाखलं की थुंकून टाकायचं. बारा पातेली चाखलीत की तुमचं एक जेवण झालं, तेही घाईघाईनं. आणि हो, ऑपरेशननंतर काही जणांची चव बदलते. लक्ष ठेवा."

चवीचं मी कानाआड केलं. बदलत असेल बाकीच्यांची. पण थुंकायचं? चुलीसमोर? आमच्या प्रत्येक स्वयंपाकघरात चुलीच्या वर चुलीच्या देवाचं चित्र असतं. तो वर्षभर तिथे बसून बघतो आणि वर्षाअखेरीला वर जाऊन सगळं सांगतो. शिजवलेलं अन्न त्याच्या डोळ्यांदेखत थुंकणारी बाई आमच्या सात पिढ्यांत झाली नाही. वडील म्हणायचे, चाखलेलं गिळायचं, मग ते कसंही होवो.

"देव समजून घेईल, मावशी."

"तू भेटलीस वाटतं त्याला?"

पहिले पंधरा दिवस भाताची पेज, तीही गाळलेली. मग वाफवलेलं अंडं, मऊ टोफू, किसून शिजवलेला मासा. आमच्या गोल टेबलावर सगळ्यांचे वाडगे आणि माझा तो पेला. जिनथूला माझ्यासमोर जेवायला कसंतरी व्हायचं. तो वाडगा घेऊन मागच्या दारात उभा राहून खायचा, चोरी केल्यासारखा. "अरे बस ना इथे, मी काही तुझ्या हातातलं हिसकावत नाही," मी ओरडायची. खरी गोष्ट मी त्याला सांगितली नाही. खरी गोष्ट ही की मला भूकच लागत नव्हती. पन्नास वर्षं जी माझ्याबरोबर उठली, बसली, झोपली, ती गेलीच. लोकांना वाटायचं, बाई खायला मिळत नाही म्हणून रडते. मी रडायची ते खावंसं वाटत नाही म्हणून. संध्याकाळी पाच वाजले की मला कळायचं नाही, आता काय करायचं.

दोन महिन्यांनी सत्तावीस किलो उतरलं. विंचरताना केस हातात यायला लागले. मी मिस लिआओचं न ऐकता चुलीपाशी उभी राहिले. पहिल्याच पंगतीत पाच पातेली चाखली, गिळली, आणि पोटाच्या वरच्या टोकाला असं काही अडकलं की मी टेम्पोच्या मागे जाऊन फेस ओकत बसले. पाठीवर कोणाचा तरी हात होता. वर बघितलं तर आ-युन.

आ-युन माझी सून. व्हिएतनामची. सहा वर्षं झाली लग्नाला. माझा मुलगा मासेमारीच्या जहाजावर असतो, वर्षातले आठ महिने समुद्रात. ती इथे माझ्या हाताखाली. तिचं खरं नाव काही वेगळंच होतं. आम्हाला ते नीट म्हणता येईना, म्हणून पहिल्याच आठवड्यात मी तिला आ-युन म्हणायला लागले आणि गावानं तेच उचललं. पोर कामाला वाघ. पण तिला मी भाज्या धुवायला आणि वाडगे मांडायला ठेवलं होतं, पळी कधी हातात दिली नाही. आंबट, तिखट आणि मुरवलेल्या माशांचं पाणी यांवर वाढलेली जीभ. तिला आमची चव काय कळणार, असं माझं मत होतं, आणि माझी मतं मी मनात ठेवत नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर जिनथू म्हणाला, "चाखायचं काम आ-युनला दे. तू नुसती सांग."

"आणि मी काय करू? देवळासमोर तुझ्याबरोबर चहा पीत बसू?"

"जिवावर बेतेल गं."

मी पळी टेबलावर आपटली. "ऐका दोघंही. ज्या दिवशी माझं एक पातेलं बिघडेल, एक माणूस जरी म्हणेल की बीश्याचा हात गेला, त्या दिवशी मी पळी कायमची खाली ठेवीन. तोवर या पातेल्यांत दुसऱ्या कोणाची जीभ जाणार नाही."

 आ-युन वाडगे पुसत होती.

त्यानंतर मी युक्तीनं घ्यायला लागले. पूर्वी पळीभर चाखायची, आता चमच्याच्या टोकावर थेंबभर, गिळून थोडं चालायचं, मग पुढचं पातेलं. आठ पंगती झाल्या. एकही तक्रार नाही. लोक पिशव्या भरून उरलेलं नेत होते, नेहमीसारखंच. मी फुगले. देवळासमोर जाऊन म्हाताऱ्यांना ऐकवलं, "पोट कापलं म्हणून जीभ कापली नाही माझी!" म्हातारे माना डोलवत होते.

वर्षाच्या शेवटच्या महिन्यात, चोविसाव्या दिवशी, आम्ही देवांना वर पाठवतो. चुलीच्या देवाच्या तोंडाला गोड चिकट पाक लावायचा, म्हणजे वर जाऊन तो आमच्याबद्दल गोडच बोलेल, किंवा तोंड उघडणारच नाही. मग ते चित्र जाळायचं. देव परत येईपर्यंत दहा दिवस गाव मोकळं. ना मुहूर्त, ना विधिनिषेध. म्हणून लग्नांची झुंबड उडते ती याच दिवसांत. पंचविसाव्याला को मास्तरांच्या मुलीचं लग्न होतं, तीस टेबलं. मास्तरांच्या स्वतःच्या लग्नाची पंगत माझ्या वडिलांनी केली होती, आणि मास्तरांनी मला बजावलं होतं, "बीश्या, माकुळाचं सूप तेच हवं हं. त्या चवीसाठी मी चाळीस वर्षं थांबलोय."

चित्र जळून राख झाली तसा जिनथू माझ्याकडे बघून डोळे मिचकावायला लागला. "गेला. आता चार तारखेपर्यंत तुझ्यावर नजर ठेवायला कोणी नाही. थुंक हवं तेवढं!"

"चावट कुठला," मी म्हटलं. पण मनात आलं, अरे, खरंच की.

दुसऱ्या दिवशी दुपारी मांडवामागे तीन मोठी पातेली उकळत होती. वाळवलेला माकूळ, डब्यातलं शंखाचं मांस आणि बचकाभर लसणाची पात. पळीभर सूप घेतलं, तोंडात घोळवलं आणि बादलीत थुंकलं. किती दिवसांनी तोंड भरून चव घेतली! डोळ्यांत पाणीच आलं. तिन्ही पातेल्यांत मीठ घातलं, तिन्ही चाखली. अगदी वडिलांच्या हातचं. आता कशाला कोणाला घाबरायचं, असं म्हणत मी वाफवायला ठेवलेल्या कोंबड्यांकडे वळले. झाकण गरम म्हणून फडकं घ्यायला परत फिरले, तर आ-युन पहिल्या पातेल्यावर वाकलेली. तिच्या मुठीत मीठ होतं. तिनं ते सोडलं, ढवळलं, थेंबभर तळहातावर घेऊन चाटलं, आणखी चिमूटभर सोडलं.

मी तिचं मनगट धरलं. "काय टाकलंस?"

ती पांढरीफटक पडली. "मीठ."

"कोणाला विचारून?"

"आई, सोडा, सांगते—"

"कानामागून आली आणि तिखट झाली! को मास्तरांच्या मुलीच्या लग्नात माझं सूप नासवायला निघालीस? आज पहिल्यांदाच ना? की आधीही?"

ती खाली बघत होती. मग म्हणाली, "आठही पंगतींना."

माझा विश्वासच बसेना. "खोटं. आठ पंगतींत कोणी एक शब्द बोललं नाही."

"हो आई," ती म्हणाली. "कोणी काही बोललं नाही."

हे माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. शिरलं तेव्हा मी तिचं मनगट सोडलं. जिनथू टेबलं लावून येत होता. मी पहिल्या पातेल्यातलं वाडग्यात काढलं, दुसऱ्यातलं दुसऱ्या वाडग्यात. दुसऱ्याला अजून तिचा हात लागला नव्हता. दोन्ही त्याच्यापुढे धरले. "पी. काही विचारू नकोस."

पहिलं प्यायला आणि ओठ चाटले. "मास्तर रडणार आज." दुसरं प्यायला. थांबला. वाडग्यात बघितलं. "यात पाणी पडलं का गं कोणाकडून? अगदी आजाऱ्याच्या पेजेसारखं लागतंय."

मी परत दोन्ही चाखली. पहिलं माझ्या जिभेला खारट लागलं. नवऱ्याचं ज्यानं मन भरलं ते मला खारट, आणि जे मला वडिलांच्या हातचं वाटलं ती आजाऱ्याची पेज. मिस लिआओनं सांगितलं होतं, आणि मी ऐकलं नव्हतं. इतके महिने मी देवासमोर थुंकायचं नाही म्हणून थोडंथोडं चाखत होते आणि वाटायचं, थेंबाथेंबानं घेते म्हणून चव नीट लागत नाही. आज देव नव्हता, तोंड भरून घेतलं होतं, आणि लपायला जागा उरली नाही. माझी जीभ गेली होती. ती पोटाबरोबरच गेली होती, आणि मी मात्र गावभर मिरवत होते.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं. 

"तुम्ही पळी खाली ठेवली असती." ती म्हणाली. "तुमचं जेवण तर गेलंच, आई. पळीही गेली तर तुम्ही दिवसभर करणार काय?"

जिनथू एकदा तिच्याकडे बघत होता, एकदा माझ्याकडे. हातातला वाडगा त्यानं खाली ठेवला आणि जन्मात पहिल्यांदा गप्प बसला.

"आणि तुला कसं कळलं किती मीठ ते?" मी म्हटलं. अजून राग होता आवाजात, नाही कशाला म्हणू. "तुझी जीभ तर तिकडची."

"सहा वर्षं तुमच्याच हातचं खातेय. दुसरं काय आहे माझ्या जिभेवर?"

मांडवातून हाक आली, "सूप! सूप कुठंय?" वाढणाऱ्या बायका रिकामी तसराळी घेऊन दारात उभ्या होत्या आणि आमच्याकडे टकामका बघत होत्या. पळी खाली ठेवायची शपथ होती माझी, आणि ती मी दोघांच्या साक्षीनं घेतली होती. मी ती पळी आ-युनच्या हातात ठेवली.

"चोरून नाही," मी म्हटलं. "इथे, माझ्यासमोर. चाख आणि मोठ्यानं बोल."

तिनं दुसऱ्या पातेल्यातलं चाखलं. माझ्याकडे बघितलं. घाबरली होती.

"कसं झालंय?" मी विचारलं.

"अजून थोडं, आई."

मी मूठ घातली. तिनं परत चाखलं. "अजून थोडं." माझा हात थांबत होता, मला माहीत होतं की हे आता खारट आहे, माझ्या तोंडात ते खारटच होतं. तरी मी घातलं. "आता बरोबर," ती म्हणाली, आणि तसराळी भरायला लागली.

मास्तर दोनदा सूप मागून घेऊन प्यायले. शेवटी आचाऱ्यानं बाहेर येऊन पाहुण्यांबरोबर पेला उंचावायचा असतो. मी आ-युनला बरोबर ओढत नेलं. ती एप्रनला हात पुसत माझ्यामागे लपत होती. मास्तर माझा हात धरून म्हणाले, "तोच गं, तुझ्या वडिलांचाच हात." मी म्हटलं, "मास्तर, चव हिची आहे." त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. ते हसले. मी परत सांगितलं, तेव्हा ते तिच्याकडे नीट बघायला लागले.

पंगत उठल्यावर उरलेलं उकळलं, पिशव्या वाटल्या. सवयीनं मी पातेल्यापाशी बसले. तळाशी एक-दोन वाडगे राहिलं होतं. आ-युननं माझा पांढरा पेला पुढे केला. मी त्यात घेतलं, एक एक चमचा तोंडात धरून चावलं. चार चमचे झाले आणि नाक गळायला लागलं. पेल्यात अर्धं होतं. मी किती तरी वेळ त्याच्याकडे बघत बसले. माझी भावंडं आठवली, ती पिशवी आठवली. मग चमचा खाली ठेवला. आ-युननं माझ्या हातातून पेला घेतला आणि काही न बोलता धुऊन टाकला. मला बरं वाटलं असं नाही. पण पोट दुखलं नाही, आणि पहाटेपर्यंत शांत झोप लागली.

नव्या वर्षाच्या चौथ्या दिवशी देव परत येतात. नवीन चित्र आणलं, चुलीच्या वर चिकटवलं, फळं ठेवली. देवाला काही सांगायचं तर रीतसर सांगावं लागतं. घराचा पत्ता, माणसाचं पूर्ण नाव, जन्मसाल. नाहीतर त्याला कळणार कसं, कोणाबद्दल बोलतोय ते? मी उदबत्ती धरून सुरुवात केली. आमचा पत्ता सांगितला, माझं नाव सांगितलं, जे जे झालं ते सांगितलं. थुंकल्याचंही सांगितलं, लपवायचं काय? मग म्हटलं, "तर देवा, आजपासून या चुलीवरचं चाखणार ती माझी सून—"

आणि अडले. आ-युन हे नाव देवाच्या कुठल्या वहीत असणार? ते तर मी आठवड्याभरात ठेवलेलं, माझ्या सोयीसाठी.

ती मागे उभी होती. मी वळले. सहा वर्षांत हे मी पुन्हा कधी विचारलं नव्हतं, आणि विचारताना मान वर करवेना. "तुझ्या आईनं काय नाव ठेवलंय तुझं?"

 ती अगदी हळू म्हणाली, "दांग थी दिएम."

मी म्हटलं. तिनं मान हलवली. "अजून थोडं वर, आई. दि-एम."

मी परत म्हटलं. जिनथू मागून खुसखुसायला लागला, मी त्याच्यावर डोळे वटारले. उदबत्तीची राख माझ्या बोटांवर पडत होती.

"अजून थोडं," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा ती म्हणाली, "आता बरोबर." मग मी देवाकडे वळले आणि तिचं नाव सांगितलं.